व खलाशी

आमच्या कोळीवाड्यात एक चांदीचा बिल्ला आहे. सोसायटीच्या वहीत त्याची नोंद 'स्मृतिपदक' अशी आहे, पण तो शब्द सेक्रेटरीशिवाय कुणाच्या तोंडून मी ऐकलेला नाही. सगळे बिल्लाच म्हणतात. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. दर नारळी पुनवेला तो एका घरातून उठतो आणि दुसऱ्या घरात जाऊन बसतो. वर्षभर त्या घराच्या देव्हाऱ्यात राहतो, मग पुढच्या घरी. अशी आठ घरं आहेत. आठवं आमचं.

आठवं म्हणजे क्रमानं आठवं नव्हे. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा आमचा नंबर दुसरा आला होता. दुसऱ्याचा आठवा कसा झाला, ते सांगायला मी बसले आहे. बाबांनीच सांगितलंय लिहायला, नाहीतर घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडायची मला सवय नाही.

आमचा वाडा रायगड जिल्ह्यात, रेवदंडा ते मुरूडच्या पट्ट्यात. दारात उभं राहिलं की समोर दर्या आणि मागं सुपारीच्या वाड्या. घरात बाबा, आय, आजी, धाकटा भाऊ आणि मी. बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. आय पाटी घेऊन बाजारात. मी घरातली पहिली शिकलेली, म्हणून कुठलाही कागद आला की माझ्यापुढे. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

२००९ सालच्या नोव्हेंबरात मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि कसल्याशा सुट्टीसाठी घरी आले होते. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे बिनघोर महिना. पाऊस संपलेला, दर्या शांत, म्हावऱ्याला भाव. त्या महिन्यात वादळ येईल असं कुणाच्या मनातही येत नाही. आले ते फयान. हे नाव म्यानमारनं दिलेलं, हे मला पुढं शाळेत मुलांना शिकवताना कळलं. ११ नोव्हेंबरला, बुधवारी, दुपारनंतर ते अलिबाग आणि मुंबईच्या मधे जमिनीवर चढलं. आमच्याकडून किती लांब? एस.टी.नं जाल तर तासा-दीड तासाची वाट.

होड्या आधीच बाहेर गेलेल्या. आमच्या होड्या एकदा निघाल्या की तीन-तीन, चार-चार दिवस बाहेर असतात. निघताना आकाश स्वच्छ होतं. मोबाइल होते, पण किनारा सोडून थोडं आत गेलं की त्यांचा उपयोग वेळ बघण्यापुरता. वायरलेस आमच्या होडीवर नव्हती.

इथं मला आज्याची आठवण येते. आजा आम्हाला 'रामदास' बोटीची गोष्ट सांगायचा. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली आगबोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हती, त्यामुळे मुंबईला पत्ताच नाही. बारकू मुकादम नावाचा एक पोरगा लाइफबॉय धरून पोहत पोहत गेटवेला लागला, तेव्हा मुंबईला कळलं. आजा हे सगळं भराभर सांगायचा आणि एका जागी थांबायचा. रेवसचे कोळी होड्या भरून म्हावरं मुंबईला विकायला नेत होते. त्यांनी ते म्हावरं दर्यात ओतलं आणि होडीत माणसं घेतली. पाऊणशेच्या आसपास माणसं त्यांनी वाचवली. "म्हावरं वतलं," आजा म्हणायचा, "मंग माणसा घेतली. आदी म्हावरं वतलं." मला लहानपणी वाटायचं, यात एवढं काय? माणूस बुडताना मासळीचा विचार कोण करेल? खलाशाची पोर असूनसुद्धा मला तेव्हा भरलेल्या होडीची किंमत ठाऊक नव्हती.

तर त्या बुधवारी संध्याकाळी सगळा वाडा बंदरावर. पावसात, वाऱ्यात. बायका पदर दातात धरून उभ्या. दिवे गेलेले. एकेक होडी खाडीत शिरत होती आणि तिचं नाव ओळखून कुणीतरी रडत खाली धावत होतं. 'एकवीरा प्रसाद' येत नव्हती. तीच बाबांची होडी. आठ वाजले, नऊ वाजले. आय बोलत नव्हती. साडेदहाच्या सुमारास इंजिनाचा आवाज आला, आणि आयनं आवाजावरूनच ओळखलं.

होडी लागली तशी आयनं बॅटरीच्या उजेडात माणसं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन… आठला थांबली. मग पुढं मोजत राहिली. चौदा. आठ गेले होते, चौदा आले होते. खाडीपलीकडच्या गावाची सहा माणसं, अंगावर धड कपडे नाहीत, थंडीनं काळीनिळी पडलेली. त्यात एक सतराएक वर्षांचा पोरगा. त्याला कुणीतरी उचलून आमच्या ओटीवर आणलं. आजीनं त्याला आपल्या गोधडीत घेतलं आणि चुलीपुढं बसवलं.

होडीत म्हावरं नव्हतं. जाळंही नव्हतं.

पुढचे आठ दिवस वाड्यात दुसरा विषय नव्हता. जो तो आपल्या परीनं ती गोष्ट सांगत होता. सगळ्या तुकड्यांची बेरीज अशी: परत फिरताना आमच्यांना एक होडी दिसली. तिच्या पंख्यात तिचंच जाळं अडकून इंजिन बंद पडलेलं आणि आत पाणी. तांडेलमामांनी आपली होडी तिकडं वळवली. आपलं जाळं पाण्यात होतं, ते ओढत बसायला वेळ नव्हता, तोडून सोडून दिलं. मग दोर फेकला आणि ती होडी मागं बांधून ओढायला लागले. तासभर ओढली. शेवटी ती भरली. तेव्हा त्याच दोराला धरून एकेक माणूस पाण्यातून आपल्या होडीत ओढून घेतला. सहावा आला आणि ती होडी गेली.

बाबांना विचारलं की म्हणायचे, "तसाच झाला. लोकं सांगतात तसा." आणि उठून जायचे.

जाळ्याचे अडीच लाख नाखव्यानं दोन वर्षं फेडले. खलाशांच्या हिश्शातूनही कापले गेले. मी डी.एड.ची शेवटची फी आयच्या पाटल्या मोडून भरली. तक्रार म्हणून सांगत नाही. जाळं तोडलं की त्याची किंमत कुठंतरी फुटतेच, ती आमच्याकडे अशी फुटली.

बिल्ला आला २०१२ साली. मच्छिमार सोसायटीला पन्नास वर्षं झाली होती. समारंभ करायचा, पुढारी बोलवायचे, जेवण घालायचं हे ठरलं. कुणीतरी म्हणालं, फयानच्या वेळच्या कामाची आठवण म्हणून काहीतरी द्यायला पाहिजे. तालुक्याच्या कचेरीतल्या एका भल्या माणसानं त्याआधीच सुचवलं होतं, की जीवनरक्षा पदकासाठी अर्ज करा. दिल्लीहून मिळतं, १९६१ पासून आहे, सर्वोत्तम, उत्तम आणि साधं अशा तीन पायऱ्या असतात. मी स्वतः तांडेलमामांच्या ओटीवर कागद घेऊन बसले होते. मामांनी विचारलं, "नाव कुनाचा लिवायचा?" म्हटलं, तुमचं. "आनि बाकीचे?" म्हटलं, ज्याचा त्याचा वेगळा अर्ज करता येईल, कुणी काय केलं ते वेगवेगळं लिहावं लागेल. मामांनी जरा विचार केला. म्हणाले, "होडीचा नाव चालल काय?" होडीचं नाव चालत नव्हतं. पदक माणसाला मिळतं. मामांनी कागद घडी करून माझ्या हातात परत दिला. त्यांच्या नकाराचं खरं कारण मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस.

सोसायटीचं आपल्या हातात होतं. तिथं होडीचं नाव चाललं. अलिबागच्या बाजारात एका सोनाराकडे पाच तोळ्यांचा बिल्ला करायला टाकला. त्याच्याकडे साचे होते ते लक्ष्मीचे आणि गणपतीचे. होडीचा कुठून असणार? त्यानं हातानं कोरली. शिडाची होडी कोरली, खरंतर आमच्या होडीला इंजिन होतं, शीड उतरून कैक वर्षं झालेली. आणि ती कोरलेली होडी उलटी धरली तर अगदी चप्पल दिसते. आजीनं पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा विचारलं, "ही वहाण कनाला काढलीय?" मागच्या बाजूला अक्षरं: '११ नोव्हेंबर २००९. सहा जीव. होडी एकवीरा प्रसाद व खलाशी.'

फितीवरून मात्र चांगली तासभर मीटिंग झाली. कुणी भगवी म्हणालं, कुणी तिरंगी. तांडेलमामा म्हणाले, "लाल आनि हिरवी. डावीकडं लाल, उजवीकडं हिरवी." होडीच्या दिव्यांसारखी. रात्री दर्यात समोरची होडी येतेय की जातेय, ते या दोन दिव्यांवरून कळतं, जगातल्या सगळ्या जहाजांना हाच नियम. सगळ्यांना ते पटलं. मग डावी म्हणजे छातीवर लावणाऱ्याची डावी की समोरून बघणाऱ्याची, यावर पुन्हा अर्धा तास. शेवटी लावणाऱ्याची ठरली, कारण लावणारा म्हणजे होडी.

पुढं काही वर्षांनी पदकांवरचं एक जुनं पुस्तक माझ्या हाती लागलं. पहिल्या महायुद्धात व्यापारी जहाजांवरच्या लोकांना ब्रिटिश सरकारनं एक काशाचं पदक दिलं होतं. मागच्या बाजूला लाटांतून निघालेली आगबोट, आणि फीत हिरवी नि लाल, मधे बारीक पांढरी रेघ. हिरवा-लाल म्हणजे बाजूचे दिवे आणि पांढरा म्हणजे डोलकाठीवरचा. मी पुस्तक घेऊन मामांकडे धावत गेले. मामांनी चित्र बघितलं, त्यांना काही नवल वाटलं नाही. "मंग दुसरा काय लावनार?" म्हणाले. त्या पदकाच्या कडेवर मात्र ज्याचं त्याचं नाव ठोकलेलं असायचं. आमच्या बिल्ल्यावर 'व खलाशी' एवढंच. मला तेव्हा ते जास्त आवडलं. बाबा 'व खलाशी'मध्ये आहेत, याचा अभिमान वाटला. त्या दोन शब्दांत माणूस लपूही शकतो, हे लक्षात यायला आठ वर्षं गेली.

बिल्ला एक आणि माणसं आठ, म्हणून वर्षाला एक घर असं ठरलं. पहिलं वर्ष तांडेलमामांचं, बाकीच्या चिठ्ठ्या. आमची दुसरी. २०१३च्या पुनवेला बाबा म्हणाले, घर गळतंय, बिल्ला काळा पडेल, तिसऱ्याला द्या. पुढच्या साली आजी गेली, सुतक आलं. त्याच्या पुढच्या साली बाबांनी सांगितलं, पोरीचं लग्न जमवायचंय, घरात पाव्हणे येणार, जोखीम नको. लग्न झालं. मग भावाला नोकरी लागू दे. भावाला उरणला नोकरी लागली, तरी बाबांचं कारण तयारच. वाड्यात हसायचे. "आमच्या दादाला बिल्ला चावतो," म्हणायचे. मला राग यायचा. चारचौघांत बापाचा मान होतोय आणि हा माणूस पळतोय, असं वाटायचं.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा दिसत होती पण जोडता येत नव्हती. खाडीपलीकडची ती सहा माणसं दर नारळी पुनवेला यायची. ज्या घरी बिल्ला असेल त्या घरी नारळ ठेवायची, मग आठही घरी चहाला जायची. आमच्या घरी ती आली की बाबा घरात नसायचे. जाळं शिवायला गेलेले असायचे. नारळी पुनवेला कोण जाळं शिवतं?

२०१९ला सगळी सात घरं झाली. आता कुणाला पुढं ढकलायची सोय उरली नाही. वाजतगाजत बिल्ला आमच्या दारात आला. बाबांनी हात पुढं केला नाही. दोन क्षण सगळे तसेच उभे. मग आयनं पदर पसरला, त्यात घेतला, आत नेऊन देव्हाऱ्यात एकवीरेच्या तसबिरीजवळ ठेवला. बाबा त्या दिवसापासून देवाला बाहेरूनच हात जोडायला लागले. आयनं बिल्ल्यावर एक फडकं टाकलं. "धूल बसते," मला म्हणाली. आमच्या घरात धूळ बसू देणारी ती बाई नव्हे.

मग २०२० उजाडलं. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, माझे यजमान मुंबईत अडकले, आणि मी मुलाला घेऊन माहेरी येऊन राहिले. जूनच्या पहिल्या आठवड्यात 'निसर्ग' आलं.

फयानच्या आणि निसर्गच्या मधे अकरा वर्षं गेली होती आणि एक मोठा फरक पडला होता. या वेळी आम्हाला दोन दिवस आधी कळलं. मोबाइलवर, दवंडीवर, पोलिसांच्या गाडीवरून. सगळ्या होड्या खाडीत आत ओढून बांधल्या. ३ जूनला सकाळी समुद्राकाठच्या घरांतली माणसं शाळेच्या पक्क्या इमारतीत हलवली. ती माझीच शाळा, जिथं मी अ-आ-इ शिकले. आय रेशनकार्ड, बँकेची पुस्तकं, माझी सर्टिफिकिटं प्लास्टिकच्या पिशवीत भरत होती. बाबा घरात गेले आणि जरा वेळानं बाहेर आले. हातात काही नव्हतं.

दुपारी बारा-साडेबारापासून जे सुरू झालं, त्याचं वर्णन करायला मला जमणार नाही. रायगडातल्या ज्यांनी ते बघितलंय त्यांना गरज नाही. सुपाऱ्या काडीसारख्या मोडत होत्या. वर्गाचं दार आतून उघडायला लागलं, कडी तुटली. बाबांनी आणि आणखी दोघांनी दोर घेऊन ते खिडकीच्या गजाला बांधलं. दोराचं टोक बाबांच्या हातात होतं. वारा दार ओढायचा, दोर ताणायचा, कर्र कर्र वाजायचा. मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून, मांडीवर मुलगा.

त्या आवाजात बाबा बोलायला लागले. माझ्याकडे न बघता.

"असाच वाजत होता दोर," म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. ती होडी मागं बांधल्यावर आपली होडी पुढं जाईना. लाट आली की मागची होडी खाली बसायची आणि आपल्या होडीचा मागचा भाग पाण्यात खेचायची. दोनदा पाणी आत आलं. दोर जिथं बांधला होता त्या खुंट्याजवळ बाबा बसले होते, जाळं तोडलेला कोयता हातातच होता. "मी बोललो, तांडेल, दोर तोडतो. ते जानारच हायेत. आपुन तरी जाऊ घरी. तुजा नाव घेतला मी. बोललो, माझी पोर शिकतेय." मामा काही बोलले नाहीत. सुकाणू दुसऱ्याच्या हातात देऊन मागं आले आणि दोरावर पाय ठेवून उभे राहिले. अनवाणी पाय. दोर तोडायचा तर आधी पाय तोडावा लागला असता. "मी कोयता उचललेला होता," बाबा म्हणाले. "बोललो नुसता, असा नाय. उचललेला."

मी काय बोलणार? माझ्या नावानं तो कोयता उचलला गेला होता. ती फी, त्या पाटल्या, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. पलीकडून आय म्हणाली, "मना त्याच राती सांगितला व्हता." अकरा वर्षं तिनं ते पाटीखालच्या चुंबळीसारखं डोक्यावर वागवलं होतं आणि बाजारात कधी कुणाला सुगावा लागू दिला नव्हता.

"पन मग सहाही जन मीच वढले," बाबा म्हणाले. "खुंट्यापाशी मीच व्हतो ना."

तीन-साडेतीनला वारा पडला. घरी गेलो तर घराला छप्पर नव्हतं. पत्रे कुठं गेले ते शेवटपर्यंत सापडले नाहीत. तांदळाचा डबा, गाद्या, टीव्ही, सगळं पाण्यात. देव्हारा उपडा. आयनं एकवीरेची तसबीर काढली, काच फुटलेली, आणि मग ती वेड्यासारखी चिखलात हात घालून शोधायला लागली. "बिल्ला! लोकांचा बिल्ला गेला! आता काय तोंड दाखवू?" बाबा जरा वेळ बघत उभे राहिले. मग कमरेची गाठ सोडली आणि रुमालात बांधलेला बिल्ला काढून तिच्या पुढ्यात धरला. आयनं त्यांच्याकडे असं बघितलं की मला त्या अवस्थेतही हसू आलं. "तुमाला नको व्हता ना?" म्हणाली. "रेशनकार्ड मी घ्यायचा आनि चांदी तुमी?"

वीज जवळजवळ महिनाभर नव्हती. सरकारी मदत यायची तेव्हा आली. पण पाचव्या दिवशी खाडीपलीकडून एक टेम्पो आला. ताडपत्री, पत्रे, खिळे, आणि ती माणसं. त्यांच्या गावातही पडझड झालीच होती. त्यांनी आठही घरं वाटून घेतली. आमच्या घरी आला तो पोरगा. आता अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, त्याला स्वतःची पोरं. छपरावर चढला आणि पत्रे ठोकायला लागला. बाबा खाली उभे राहून खिळे देत होते. पळायला या वेळी जागाच नव्हती.

पोरगा बोलका. वरूनच सांगत होता, "काका, त्या राती कुनी तरी मना केसानं धरून वढला. अजून तितं केस कमी हायेत बगा." आणि हसला. "तोंड नाय दिसला कुनाचा. हात दिसला नुसता."

"माझा व्हता," बाबा म्हणाले.

"तुमचा?"

"त्याच हातात जरा आदी कोयता व्हता. दोर तोडनार व्हतो मी. तुमचा."

मी चुलीपाशी होते. माझ्या हातातली फुंकणी तशीच राहिली. छपरावरचा ठोकण्याचा आवाज थांबला. पोरगा बाबांकडे खाली बघत राहिला. मग त्यानं हात खाली केला. "खिला द्या," म्हणाला. बाबांनी दिला. ठोकणं सुरू झालं. जेवायला बसला तेव्हा दोनदा कालवण मागून घेतलं, निघताना आयच्या पाया पडला. बाबांच्या पडला नाही. त्याचा अर्थ काय लावायचा तो प्रत्येकानं लावावा, मी पुष्कळ लावून बघितलाय. पुढच्या वर्षी मात्र तो नारळ घेऊन आला आणि बाबा घरात होते, हे खरं.

३ ऑगस्टला नारळी पुनव होती. मिरवणूक नाही, वाजंत्री नाही, तोंडाला फडकी बांधलेली. बिल्ल्याची एक फेरी पूर्ण झाली होती, म्हणून तो पुन्हा तांडेलमामांकडे जायचा होता. बाबा म्हणाले, मी नेतो. मीही बरोबर गेले. मामांना तोवर दिसायचं जवळजवळ बंद झालं होतं. खाटेवर बसलेले. बाबांनी बिल्ला त्यांच्या हातात ठेवला आणि उभ्या उभ्या म्हणाले, "तांडेल, सोसायटीच्या वहीत लिवा. मी दोर तोडनार व्हतो. लोकं पाया पडतात, मना जड जातंय."

मामांनी अंगठ्यानं ती चपलेसारखी होडी चाचपली. बराच वेळ गेला. म्हणाले, "मी पाय कनाला ठेवला तुला म्हाईत हाय?"

"मी तोडू नये म्हनून."

"नाय रं. तू दोनदा बोललास. तिसऱ्यांदा बोलला असतास तर मीच बोललो असतो, तोड. ते माज्या तोंडावर आला व्हता. म्हनून पाय ठेवला. पाय दोरावर असला म्हंजे कसा बोलनार?"

बाबा खाली बसले. दोघं तसेच बसून राहिले, मामांच्या सुनेनं चहा आणला तो निवला. मला त्या दिवशी उलगडलं की मामांनी तो अर्जाचा कागद घडी करून मला का परत दिला होता. कुणी काय केलं ते वेगवेगळं लिहा, असं त्यात होतं.

घरी येताना बाबा म्हणाले, सोसायटीच्या वहीत काही व्हायचं नाही, सेक्रेटरी घाबरट आहे. "तू लिव. तुला लिवता येतं. कोयत्यासकट लिव." मामांना विचारलं, तुमचं लिहू का? ते म्हणाले, मी गेल्यावर लिव. मामांना जाऊन आता दोन वर्षं झाली.

बिल्ला सध्या पाचव्या घरी आहे. चिखलाच्या दिवसांत ती जुनी फीत कुजली होती, तांडेलमामांकडे नेण्याच्या आदल्या रात्री आयनं कंदिलाच्या उजेडात नवी शिवली. लाल तिच्या परकराच्या नाडीची, हिरवी माझ्या जुन्या ओढणीची. घाईत लाल उजवीकडं लागलीय. बाबांनी दुसऱ्या दिवशी उजेडात बघितली, उसवायला नख लावलं आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाले, राहू दे. मामांना दिसत नव्हतं. बाकीच्या घरांत अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.